बाहेरच्या बाजूची कडी

त्या मंगळवारी दुपारी महापेच्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो, तेव्हा बाळारामकाकांचा फोन आला. काका सहसा फोन करत नाहीत. केला तरी 'हां, ऐकू येतंय का' एवढंच तीन-चार वेळा विचारतात आणि मुद्द्यावर येईपर्यंत फोन बंद पडतो. त्या दिवशी त्यांनी तेही विचारलं नाही. "बाय गेली," म्हणाले. "जाल शिवत बसलेली. मी पानी आनायला घरात गेलू, परत येतंय तर..." डबा तसाच झाकला आणि टीम लीडरकडे सुट्टी मागायला गेलो. तो माझ्यापेक्षा वयाने लहान आहे, स्वभावाने चांगला आहे. "कोण होत्या?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "मावशी." "सख्ख्या?" मी मान हलवली. त्या हलवण्यातून त्याने काय घेतलं कुणास ठाऊक, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि जा म्हणाला. रिक्षात बसल्यावर मला माझीच लाज वाटली. सहा वर्षं मी या इमारतीत धडपणे येतो आणि धडपणे परत जातो ते ज्या बाईमुळे, ती माझी कोण, हे सांगायची वेळ आली तेव्हाही मी नुसती मान हलवून निघून आलो होतो.

चांगुणामावशी करावे गावच्या. वडील खाडीत होडी घालायचे, भाऊही तेच करायचा. चौथीपर्यंत शाळा, मग जाळी विणणं, मासळी निवडणं, घरकाम. लग्न झालं आणि बाळंतपणात मूल गेलं, त्यानंतर त्यांना आवाज ऐकू यायला लागले. नवऱ्याने माहेरी आणून सोडलं, माहेरच्यांनी जमेल ते सगळं करून पाहिलं, आणि शेवटी थोरल्या भावाच्या, त्यांच्या 'दादूस'च्या, म्हणजे बाळारामकाकांच्या सहीने त्या मनोरुग्णालयात दाखल झाल्या. तिथे त्या अकरा वर्षं राहिल्या. ही सगळी हकिगत त्या स्वतःच सांगत, फार न रंगवता, दुसऱ्या कुणाच्या प्रवासाबद्दल बोलावं तशी. "अकरा वरीस मना आरसा नाय दिसला," एवढं एक वाक्य मात्र त्या दर वेळी सांगत. "भायेर आली, दुकानाच्या काचंत बगितलं, तर माजी आई उबी."

आमची पहिली भेट एका सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागाबाहेरच्या बाकावर झाली. त्याच्या आधीचं थोडं माझं सांगावं लागेल. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकलो. वडील तुर्भ्याच्या भाजी मार्केटात पाठीवर पोती वाहायचे आणि गावाकडे आई आम्हा भावंडांना शाळेत पाठवायची. शाळेतले शिक्षक चांगले मिळाले, अक्षर वळणदार झालं, गणित जमलं, आणि आमच्या भावकीतला मी पहिला पदवीधर झालो. महापेला सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामावर लागलो आणि घणसोली गावात एक खोली भाड्याने घेतली. दोन वर्षं नीट गेली. मग हळूहळू असं व्हायला लागलं की मीटिंगमध्ये मी तोंड उघडायच्या आधीच सगळे माझ्या इंग्रजीला हसताहेत असं मला दिसायचं. पुढे पुढे मी गप्प असलो तरी माझ्या डोक्यातलं इंग्रजी त्यांना ऐकू जातंय अशी माझी खात्री झाली. एक दिवस मी ऑफिसच्या जिन्यात बसलो तो उठेचना. वडील आले, मला दवाखान्यात घेऊन गेले, आणि मी दोन महिने तिथे होतो. ऑफिसला, घरमालकिणीला, गावाला वडिलांनी एकच सांगितलं... कावीळ झालीये. घरमालकीण इतकी भली, की मी परत आल्यावर तिने आठवडाभर उसाचा रस आणून दिला. गावाकडून एका पाहुण्याने काविळीची मुळी पाठवली, ती मला बघायला आलेल्या आईने ताकात उगाळून पाजली. मी ती निमूट प्यायलो.

तर त्या दिवशी तपासणीसाठी वडिलांबरोबर गेलो होतो. आत डॉक्टरांनी सगळं वडिलांनाच विचारलं. झोपतो का, जेवतो का, चिडतो का, आणि वडील हात जोडून उत्तरं देत होते. बाहेर आलो तर बाकावर एक हिरव्या लुगड्यातल्या बाई बसल्या होत्या. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून बांबूच्या चपट्या सुईने त्या जाळीची पिशवी विणत होत्या. दार उघडंच होतं, आतलं त्यांनी ऐकलं असणार. त्यांनी वडिलांना विचारलं, "बाबा, पोरगा मुका हाय का तुमचा?" वडील गोंधळले. "नाही हो, बोलतो की." "मंग त्याला कोन इचारीत का नाय?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय झालेलं रं तुला?" सवयीने माझ्या तोंडून गेलं, "कावीळ." त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या मनापासून हसल्या की रांगेतली माणसं वळून पाहायला लागली. "काविलीची लाईन हितं नाय, पोरा. ती खाली." दवाखान्यात शिरल्यापासून कुणी माझ्याशी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. वडीलही हसले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'कावील' झालो. ऑफिसातून इस्त्रीच्या शर्टात गेलो तर 'कावीलसाहेब.'

त्यांनी मला करावे गावच्या जाळ्यांच्या शेडमध्ये बोलावलं. खाडीच्या बाजूला, सीवूड्सच्या उंच इमारतींची सावली दुपारनंतर जिथे पोचते तिथे ती पत्र्याची शेड आहे. बाळारामकाकांची होडी आता क्वचितच निघते, पण जाळी तिथेच असतात आणि मावशी ती शिवत बसायच्या. दर रविवारी सकाळी दहाला तिथे माणसं जमत. बहुतेक सगळी दवाखान्यांतून, वॉर्डांतून आलेली. ही बैठक मावशींनी आणि रेहाना आपांनी सुरू केली होती. आपा रायगडच्या किनाऱ्यावरच्या, एका शाळेत शिकवायच्या. वॉर्डात दोघींच्या खाटा शेजारी होत्या. आपा बोलायला मोजक्या, पण बोलल्या की समोरच्याला पुस्तक मिटून ऐकावं लागे. बैठकीत कुणी आजाराचं नाव विचारत नसे. प्रत्येकाने स्वतःचं नाव सांगायचं आणि या आठवड्यात हातून काय काम झालं ते सांगायचं, मग ते भाजी चिरण्याइतकं का असेना. आणि कुणालाही मधूनच उठून जावंसं वाटलं तर त्याने जावं, 'कुठे चाललास' असं विचारायचं नाही. परत आला तर 'कुठे होतास' हेही नाही. ज्यांनी अनेक वर्षं शौचाला जायलासुद्धा परवानगी मागितली, त्यांना या नियमाचं काय वाटत असेल हे मला उशिरा समजलं. एक गृहस्थ तर सुरुवातीचे तीन रविवार नुसते उठून जाऊन परत येत. खरंच कुणी विचारत नाही ना, ते बघत होते.

मी स्वतः मात्र तिथे मदतनीस म्हणून जात होतो, निदान मी तसं सांगत होतो. लॅपटॉप आहे, टायपिंग येतं, अर्ज लिहून देतो. मी दवाखान्यात होतो हे बैठकीत मी कधी उच्चारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही मला ते बोलायला लावलं नाही. मावशी फक्त अधूनमधून विचारायच्या, "काय कावील, डोलं पिवलं दिसतात आज?" अर्ज मात्र खूप लिहिले. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी नातेवाइकांशी नाही, आलेल्या माणसाशी बोलावं, एवढी एक साधी मागणी होती. तिच्यासाठी मावशी आठवड्यातून दोनदा त्या बाकावर जाऊन बसत. कुणी घाबरलेलं दिसलं की त्याच्याबरोबर आत जात आणि डॉक्टर नातेवाइकाकडे वळले की आपल्या ठसक्यात म्हणत, "सायेब, पेशंट ह्यो हाय." एका डॉक्टरबाईंनी पुढे स्वतःच खुर्च्यांची जागा बदलली, म्हणजे समोर रुग्ण आणि बाजूला नातेवाईक. मावशींना त्याचा कोण आनंद झाला होता... त्या दिवशी शेडमध्ये सगळ्यांना मासळीचं जेवण होतं. त्याच सुमारास आम्ही जेट्टीकडे जाणाऱ्या भिंतीवर, गावाला विचारून, एक ओळ रंगवली: 'आधी मला विचारा.' शब्द मावशींचे, अक्षर माझं. निळ्या रंगात, फूटभर उंचीचं. शाळेत सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं, त्यानंतर माझ्या अक्षराचा इतका मान पहिल्यांदाच झाला.

नाटकाची कल्पना आपांची. प्रत्येकाच्या नावाचा दवाखान्यात एक केसपेपर असतो, तो दुसऱ्यांनी लिहिलेला. आपण आपापला केसपेपर स्वतः सांगायचा, गावासमोर, शेडच्या पुढच्या मोकळ्या जागेत. मागे पडदा म्हणून जुनं जाळं आणि त्यात प्रत्येकाने आपल्या हाताने रंगवलेलं एकेक कापड अडकवायचं. पाच जण तयार झाले. ते बोलायचे, मी उतरवून घ्यायचो आणि पुढच्या रविवारी वाचून दाखवायचो. मावशींनी सांगितलेलं मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "दादूसनी मना घरी आनली. मागची खोली दिली. नवी चादर टाकली. आनि दाराला भायेरून कडी लावली. घरातली कामाला गेली का लावायची. पयलं वरीस. मंग लावायची बंद झाली. पन कडी हाय. नव वरसं कोनी लावली नाय, कोनी काडली पन नाय. मी रोज तिच्याकडं बगते."

घरी येऊन टाईप करायला बसलो आणि त्या कडीपाशी अडलो. बाळारामकाका पहिल्या रांगेत बसणार होते. शेड त्यांची, घर त्यांचं, मावशींचं ताटही त्यांच्याच चुलीवरचं. बहिणीचं नाटक आहे म्हणून ते खूश होते, खुर्च्या त्यांनीच सांगून ठेवल्या होत्या. भर गावासमोर ही कडी निघाली तर काय होईल? बैठक बंद पडेल, आणि मावशींनी या वयात जायचं कुठे? मी विचार केला, आणि मला अजून आठवतं की तो मी फार मायेने केला. चादरीपर्यंतचं ठेवलं. कडीची वाक्यं काढली आणि त्या जागी माझं एक वाक्य घातलं: 'आणि मी पुन्हा घरातली झाले.' मला ते आवडलंही होतं.

रविवारी वाचून दाखवलं. मावशी जाळं शिवता शिवता ऐकत होत्या. शेवटचं वाक्य आलं तशी त्यांची सुई थांबली. "ह्या कोन बोलला?"

"तुम्हीच मावशी. मी थोडंसं..."

"घरातली झाले, असा मी बोलली? कडी कुटं गेली?"

मी सांगितलं. काका पुढे बसणार, शेड त्यांची, तुमच्या चांगल्यासाठीच काढलं. मावशींनी पायाच्या अंगठ्यातून जाळं सोडवलं, सुई दोऱ्यात खोचली, उठल्या आणि निघून गेल्या. नियमाप्रमाणे कुणी विचारलं नाही. शेडच्या दारातून समोरची निळ्या अक्षरांची भिंत दिसत होती. रेहाना आपांनी तिकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "संतोष, अक्षर तुझंच ना ते?"

पुढच्या रविवारी मावशी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. बैठक झाली, पण पत्र्याखाली सगळे पाहुण्यांसारखे बसले होते. नाटक तोंडावर आलं होतं आणि ज्यांच्यासाठी ते उभं राहिलं त्याच नव्हत्या. मी आपांना म्हणालो, जाऊन विचारू का? त्या म्हणाल्या, "विचारायला जाऊ नकोस. का गेली ते आपण विचारत नाही. पण तू काय केलंस ते तुला सांगता येईल की. सांगायला जा."

गेलो. मावशी घराच्या मागच्या पडवीत कोलंबी सोलत बसल्या होत्या. त्यांच्या मागे त्यांच्या खोलीचं दार. कडी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. साधी लोखंडाची, बोटभर जाड, सरकवायची, खाऱ्या हवेने गंजलेली. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुमचं वाक्य मी तुम्हाला न विचारता काढलं, आणि जे तुम्ही बोलला नव्हता ते तुमच्या तोंडी घातलं. त्या सोलता सोलताच म्हणाल्या, "तू माज्यासाठी केलंस, मना ठाव हाय. दादूसनी कडी लावली ती पन माज्यासाठीच. दवाखान्यात सुई टोचायचे ती पन माज्यासाठीच. इतकी लोकं माज्यासाठी करतात का मना सोताला करायला कायच उरत नाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. मग त्यांनी टोपलं माझ्याकडे सरकवलं. "बस. सोल." मी सोलायला लागलो. आम्हा घाटावरच्यांना ते काम कुठलं जमतंय. "अर्दी कोलंबी सालीसंगती टाकलीस रं घाट्या," त्या म्हणाल्या, आणि मला एकदम हायसं वाटलं. थोड्या वेळाने मी विचारलं, "मावशी, ते परत घालू का?"

"आता कसा इचारलास."

"आणि काका उठून गेले तर?"

"उठंल तर उठंल. त्याला पन नियम ह्योच."

नाटक दुपारी चार वाजता झालं. गावातली माणसं होती, इमारतींमधली काही होती, दवाखान्यातल्या त्या डॉक्टरबाईही मागे येऊन बसल्या होत्या. बाळारामकाका पांढऱ्या शर्टात, पहिल्या रांगेत. मावशींची पाळी शेवटची. त्या जाळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि एकेक वाक्य बोलत गेल्या. 'नवी चादर टाकली' म्हणाल्या तेव्हा काकांनी शेजारच्याकडे बघून मान डोलावली. मग कडी आली. काका हलले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. मावशी 'कोनी काडली पन नाय' म्हणाल्या, तेव्हा ते उठले आणि भिंतीच्या कडेकडेने, त्या निळ्या अक्षरांखालून, निघून गेले. मावशींनी ते पाहिलं. त्या थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मला वाटलं, आता राहिलेलं वाक्य त्या सोडून देतील... पण त्या भावाच्या पाठीकडेच बघत म्हणाल्या, "मी रोज तिच्याकडं बगते." आणि खाली बसल्या. टाळ्या जरा उशिरानेच आल्या.

त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, घरी जाल ना? त्या म्हणाल्या, "जाईन का नाय? माजा घर हाय." पण चपला घालून त्या शेडच्या दारातच उभ्या राहिल्या, तेव्हा रेहाना आपा त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत गेल्या.

पुढचं मावशींनीच आम्हाला रविवारी सांगितलं. रात्री भाऊ-बहीण एकमेकांशी बोलले नाहीत. सकाळी काका पेचकस घेऊन त्या दारापाशी बसले. स्क्रू गंजून गच्च झालेले. रॉकेल सोडलं, तेल सोडलं, एकही हलेना. शेवटी छिन्नी लावून कडी उपटली तेव्हा दाराचा टवका निघाला. ती घेऊन ते शेडमध्ये आले आणि मावशींच्या मांडीवरच्या जाळ्यावर ठेवली. "घे. तुज्या नाटकाला लागंल." मावशी म्हणाल्या, "नाटक काल झाला." त्यावर काका म्हणाले, "मंग परत कर," आणि निघून गेले.

ते नाटक आम्ही पुढे खूपदा केलं. वस्त्यांमध्ये, एका कॉलेजात, दवाखान्याच्या आवारात. कडी प्रत्येक वेळी बरोबर असायची. रविवारची बैठकही तिनेच सुरू व्हायला लागली. सगळे बसले की मावशी ती हातात घेत आणि दांडा सरकवत. खट्, बंद. मग पुन्हा खट्, उघडी. उघडी केली की फळीवर ठेवत आणि म्हणत, "हां, बोला." दाराचा टवका मात्र त्यांनी कधी भरू दिला नाही. गणपतीच्या तोंडावर घर रंगवायला काढलं तेव्हा रंगाऱ्याने त्यात पुट्टी भरायला घेतली, तर त्याला म्हणाल्या, "त्याला हात नको लावू. बाकी काय पायजे ते कर."

मला त्यांनी पिशवी विणायला शिकवली. माझी पहिली पिशवी इतकी वेडीवाकडी झाली की त्यातून कांदे पडायचे. तीच घेऊन त्या बाजाराला जात आणि कांदे पडले की दुकानदाराला सांगत, ग्रॅज्युएटनं विणलीये. माझं बरं-वाईट चालूच होतं. एकदा पुन्हा झोप गेली, हसणारे चेहरे परत दिसायला लागले. तेव्हा मी स्वतः मावशींना घेऊन दवाखान्यात गेलो, आणि त्या आत माझ्या बाजूच्या खुर्चीत बसल्या, एक शब्दही न बोलता. मी बोललो. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, मावशी, मी बैठकीत कधी नाव घेऊन सांगितलं नाही. तुम्हाला राग येत नाही? त्या म्हणाल्या, "तुजी कावील तुला जवा उतरवायची तवा उतरव. मी कोन सांगनार?" त्यानंतर त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही. 'डोलं पिवलं' मात्र चालू राहिलं.

शेवटची भेट त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी. काही विशेष घडलं नाही. एक नवी मुलगी आईबरोबर आली होती आणि आईच तिच्या वतीने बोलत होती. मावशींनी आईच्या हातात जाळ्याचं एक टोक दिलं, "धरा जरा घट्ट," म्हणून तिला कामाला लावलं, आणि मुलीशी बोलत बसल्या. निघताना मला म्हणाल्या, पुढच्या वेळी निळा दोरा घेऊन ये. तो दोरा माझ्या बॅगेत आहे.

तेराव्यानंतरच्या रविवारी आम्ही शेडमध्ये जमलो. रेहाना आपा होत्या, जुनी माणसं होती, ती नवी मुलगी या वेळी एकटी आली होती. कडी फळीवर होती. दहा वाजून गेले तरी तिला कुणी हात लावेना. आपांकडे सगळ्यांनी पाहिलं तर त्या खाली बघत होत्या. तेवढ्यात बाळारामकाका आले. इतक्या वर्षांत शेड त्यांची असून ते बैठकीला कधी बसले नव्हते. दारातच थांबले. "बसू का?" आपा म्हणाल्या, "बसा की." ते जाळ्यावर टेकले, मग हात लांब करून त्यांनी कडी घेतली. खट्. बराच वेळ ती तशीच हातात धरून बसले. मग खट्, उघडली. आणि रीतीप्रमाणे नाव सांगितलं. "मी बाळाराम. चांगुनाचा दादूस. ही कडी मी लावलेली." थोडं थांबून म्हणाले, "या आटवड्यात काय काम केला, तर तिची राहिलेली जाली शिवली. तिच्यासारकी नाय झाली."

त्यांच्या शेजारी मी बसलो होतो. पाळी माझी होती. सत्तरीला आलेला एक माणूस पंधरा-वीस जणांसमोर ते वाक्य बोलून बसला होता, आणि माझ्या तोंडात अजून कावीळ होती. मी म्हणालो, "मी संतोष. मी दोन महिने दवाखान्यात होतो. वॉर्डात." आपांनी मान हलवली आणि पाळी पुढे गेली.

त्याच आठवड्यात तुर्भ्याला वडिलांकडे गेलो. म्हटलं, मावशींवर लिहितोय, पेपरात येईल, आणि खरं लिहिणार आहे. त्यांची भीती मला कळत होती. त्यांनी पाठीवर पोती वाहून मला जिथे पोचवलं, तिथून मी खाली येईन की काय, ही ती भीती. ती माझ्याही मनात आहे. ऑफिसात काय होईल, घरमालकीण काय म्हणेल, हे मला आज माहीत नाही. शेवटी वडील म्हणाले, "कावीळ मी सांगितलेली. तसं लिही. पोरानं नाय सांगितली, बापानं सांगितली." मग हळूच विचारलं, "त्या बाई मला त्या दिवशी मुका म्हणाल्या का तुला?" मी म्हटलं, मला. "मला वाटलं, मला," ते म्हणाले.

तर लिहितो. माझं नाव संतोष मारुती कदम. मी महापेला नोकरी करतो आणि घणसोली गावात राहतो. मला कावीळ कधीच झाली नव्हती. चांगुणामावशी माझ्या नात्यातल्या नव्हत्या. आम्ही दोघं एकाच बाकावरचे.

कडी शेडमध्ये फळीवरच असते. कुणी जाळं काढताना, कुणी झाडताना धक्का लागतो आणि दांडा सरकून ती बंद होते. ज्याला दिसेल तो ती उघडून ठेवतो. परवा मी गेलो तेव्हा बंद होती. उघडली, निळा दोरा तिच्याजवळ ठेवला आणि बसलो.